समुद्राच्या वाटणीचा नारळ

दिनकररावांच्या ऑफिसात एक नॉर्वेचा इंजिनिअर होता. अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तो महिनाभर मायदेशी जाऊन आला आणि येताना फोटोंचं एक पाकीट घेऊन आला. डोंगरांमधून आत घुसलेली समुद्राची खाडी, खाडीत एक बोट, बोटीत चार मित्र, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक मासा, तान्हं मूल धरावं तसा दोन्ही हातांवर घेतलेला. कुवेतमधल्या मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत पाच वर्षं धूर खाल्लेल्या माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरे होतं. त्या गुरुवारी मी आणि माझा दादा खैतानला त्यांच्या घरी जेवायला गेलो, तर पाटपाणी व्हायच्या आधीच दिनकररावांनी जाहीर करून टाकलं, "ईदच्या सुट्टीत मासेमारीला जायचं. उत्तरेची खाडी काय नॉर्वेलाच आहे? आपल्याकडे सुबियाची आहे!"

"तिथे डोंगर कुठे आहेत?" त्यांच्या बायकोने, नीलावहिनींनी विचारलं.

"डोंगर काय खायचे आहेत का?"

दिनकरराव नाशिकचे. गोदावरीहून मोठं पाणी त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतर, सासुरवाडीला रत्नागिरीला गेले तेव्हा. एरवी त्यांच्या बेतांची मी यथेच्छ टिंगल करते. पण त्या दिवशी मी गप्प बसले, कारण माझा स्वतःचा एक बेत अडलेला होता.

मी तारा. तिथल्या एका सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते. माझा दादा, जगन्नाथ, रिफायनरीच्या धक्क्यावर टगबोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. आम्ही अलिबागजवळच्या थळचे कोळी. वडील मी लहान असतानाच गेले. आयने डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासे विकले, दादाने शाळा सोडून बोट धरली, आणि म्हणून मी नर्स झाले. हे मला कुणी कधी ऐकवलं नाही, त्यामुळे ते जास्तच लक्षात राहतं.

आणि शरद गोगटे आमच्या हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. पुण्याचा. अंडं घातलेला केकसुद्धा पुढे सरकवून देणारा, सरळ नाकाचा, सरळ बोलणारा माणूस. त्याने मला लग्नाचं विचारलं तेही एक्स-रे खोलीच्या दारात, "श्वास रोखून धरा" म्हणतो त्याच आवाजात. मी हो म्हटलं. मग दादाला सांगितलं.

दादा चिडला असता तर मी दुप्पट चिडून मोकळी झाले असते. पण तो चिडला नाही. बराच वेळ हातातला पाना पुसत राहिला आणि म्हणाला, "मानूस चांगलाच असंल. तू काय दगड नाय निवडायची. पन मना एक सांग तारे, आपली आय त्याच्या घरी गेली, तं ती बसंल कुठं?"

 शरदच्या आईचं सोवळंओवळं मी ऐकून होते. दादाच्या होकारावाचून मी लग्न करणार नव्हते, हे शरदला ठाऊक होतं आणि दादालाही ठाऊक होतं. म्हणूनच बिचारा नाहीही म्हणत नव्हता. दोन महिने असे गेले. आणि मग हे नॉर्वेचे फोटो आले.

"जाव की," दादा जेवता जेवता म्हणाला. "अबू नासरची लाँच हाय तिकडं सुबियाला. तारे, त्या तुझ्या शरदला बी आन. होडीत मानूस कसा हाय त्ये कलतं."

 नीलावहिनींनी मला टेबलाखालून चिमटा काढला.

दुसऱ्या दिवशी मी शरदला बाजूला घेतलं. म्हटलं, "फार काही करायचं नाही. बोटीत नीट बसायचं, दादाचं ऐकायचं आणि जेवताना माशाचा एक घास गिळायचा. औषधासारखा. चावायचंही कारण नाही."

"एकच ना?"

"एकच."

सराव म्हणून मी त्याला वॉर्डातली कॉडलिव्हर तेलाची गोळी दिली. ती त्याने निमूटपणे गिळली आणि संध्याकाळपर्यंत ढेकर देत रुग्णांचे फोटो काढले. पण तयार झाला. माणूस माझ्यासाठी एवढं करतोय म्हणून मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

त्या वर्षी श्रावण आणि रमझान एकाच चंद्रावर लागले आणि एकाच चंद्रावर सुटले. तिकडे सगळं शहर दिवसा उपाशी, इकडे दादा महिनाभर माशाला शिवला नव्हता. पुढे लगेच गणपती, म्हणजे मधले दोन-तीन दिवसच काय ते मोकळे. त्यात नारळी पौर्णिमेला दादाला डबल ड्यूटी लागलेली. दर्याला नारळ द्यायचा राहून गेला, ही गोष्ट त्याच्या मनात सारखी सलत होती. कोळ्याच्या पोराने त्या पौर्णिमेचा नारळ दिल्यावाचून पाण्यात गरी टाकायची नसते. आय मुंबईच्या पलीकडे कधी गेली नाही, पण तिचे कायदे कुवेतपर्यंत पोचले होते.

ईदच्या दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आत आम्ही दिनकररावांच्या लांबलचक शेव्हरोलेतून निघालो. जहरा गाव मागे टाकलं, डांबरी रस्ता संपला, आणि मग वाळूतल्या चाकोऱ्यांवरून हाडं खिळखिळी करत खाडीवर पोचलो. डोंगर नव्हतेच. सपाट वाळू, सपाट चिखल, मधून जाणारं राखी रंगाचं पाणी आणि पलीकडे बुबियान बेट, तेही सपाट. दिनकरराव खाली उतरले, कमरेवर हात ठेवून त्यांनी चहूकडे पाहिलं आणि म्हणाले, "थोडं नॉर्वेसारखंच आहे."

त्यांच्या पायांत रिफायनरीतले गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट होते. फोटोतल्या नॉर्वेकरांनी घातले होते म्हणून. ऑगस्ट नुकताच सरलेला, हवेत दमटपणा इतका की चष्मा पुसून ठेवेपर्यंत पुन्हा धुकं धरत होता.

अबू नासर पत्र्याच्या शेडबाहेर आमची वाट बघत उभा होता. सत्तरीचा म्हातारा. तरुणपणी खजुराच्या गलबतांवरून मुंबईला आणि मलबारला इतक्या वेळा गेलेला, की त्याचं हिंदी आमच्यापेक्षा अस्सल मुंबईचं होतं. "ईद मुबारक, जगन! इतना लोग? मच्छी पकडने आया कि शादी में?"

माझे कान तापले. दादा नुसता हसला आणि त्याच्याबरोबर लाँचचं इंजिन बघायला गेला. मी पाण्याचे कॅन वाहायला त्यांच्या मागे गेले. शेडपाशी नीलावहिनींनी स्टोव्ह पेटवला, पोहे भिजवले, आणि शरद त्यांना मदत करायला थांबला.

पुढचं सगळं मला नंतर कळलं. पोहे होत आले तेव्हा नीलावहिनी हळहळल्या, "खोबरं राहिलंच बघा. कोथिंबीर आहे, लिंबू आहे, आणि वर घालायला खोबरं नाही." शरद सकाळपासून काहीतरी चांगलं करून दाखवायला टपलेला. त्याने खाण्याच्या करंडीवर ठेवलेला नारळ पाहिला आणि म्हणाला, "आहे की!" नीलावहिनींना वाटलं, शरदने आणला. शरदला वाटलं, नीलावहिनींनी आणला. त्याने तो दगडावर एका फटक्यात फोडला, पाणी भांड्यात धरून अबू नासरला नेऊन दिलं, आणि खवणी नव्हती म्हणून सुरीने खोबऱ्याचे इतके बारीक तुकडे केले, की एखाद्या सर्जनने करावेत.

अबू नासरने पाणी पिऊन "मलबार!" म्हणत मिशा पुसल्या, तेव्हासुद्धा दादाला शंका आली नाही. तो इंजिनात डोकं घालून बसला होता.

मग आम्ही सगळे सावलीत पोहे खायला बसलो. दादाने पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि खूश होऊन म्हणाला, "वहिनी, झकास! आन ताजं खोबरं बी? कुठनं आनलंत?"

"शरदरावांनी आणलंय," वहिनी म्हणाल्या.

"मी? मी तर तुमच्या करंडीवरचा घेतला."

दादाचा घास थांबला. त्याने मान वळवून करंडीकडे पाहिलं. तो लोळत जाऊ नये म्हणून त्यानेच नारळ तिथे नीट बसवून ठेवला होता. कुंकू पुडीत होतं, ते पाण्यावर गेल्यावर लावायचं होतं. आता समुद्राच्या वाटणीचा नारळ आमच्या सगळ्यांच्या बशांत होता आणि थोडा दादाच्या पोटातही गेला होता.

 मी शरदकडे असं पाहिलं की तो विस्तवावर बसल्यासारखा उठला. "दादा, मला माहीत नव्हतं हो. मी आत्ता जातो, दुसरा घेऊन येतो."

"कुठनं?"

खरंच कुठून? जवळचा नारळ म्हणजे शहरातल्या मल्याळी दुकानात, आणि ईदला तेही बंद.

"मग दुसरं काही चालत नाही का? खजूर? खजूर आहेत आपल्याकडे."

"दर्या काय दुकानदार हाय, बदली माल घ्यायला?" दादा म्हणाला. त्याने उरलेले पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले, कारण अन्नावर राग काढायची आमच्या घरी रीत नाही. बशी धुतली आणि मग म्हणाला, "तुमी खुशाल मारा मासं. मी गरी टाकनार नाय."

झालं. आमच्यात मासेमारी येणारा माणूस एकच, आणि त्याने हाताची घडी घातली.

लाँच निघाली ती अशी. पुढे दिनकरराव, नवा कोरा रॉड घेऊन. मध्ये ताडपत्रीच्या सावलीत मी, नीलावहिनी आणि कोपऱ्यात अंग चोरून शरद. मागे सुकाणूवर दादा. अबू नासरने महिनाभराच्या रोज्यांनंतर ईदचं जेवण आदल्या दिवशी मनसोक्त हाणलेलं. जगन आहे म्हटल्यावर तो निर्धास्त आडवा झाला आणि घोरायला लागला.

दिनकररावांनी पहिल्या फेकीत स्वतःची टोपी पकडली. दुसऱ्या फेकीत नीलावहिनींची ओढणी. तिसऱ्या फेकीला काहीतरी जड लागलं आणि ते असे ओरडले की अबू नासर उठून बसला. वर आला तो शिंगाळा. आमच्याकडे त्याचं कालवण करतात, पण अबू नासरने "ये खाने का नहीं" म्हणत काटे सांभाळून तो सोडवला आणि पाण्यात परत टाकला. दादाच्या चेहऱ्यावर दुःख उमटलेलं मला दिसलं, पण हट्टाने त्याने मान दुसरीकडे वळवली. अबू नासर पुन्हा झोपला.

"त्या बाजूच्या फाट्यात घ्या ना," दिनकरराव म्हणाले. "तिथे पाणी शांत आहे. फोटोत असंच होतं."

दादाने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि लाँच मुकाट्याने फाट्यात घेतली. अर्धा-पाऊण तास आम्ही तिथे गळ टाकून बसलो. मग खालून एक घसरल्यासारखा आवाज आला, लाँच थोडी कलली आणि थांबली. बघता बघता दोन्ही बाजूंचं पाणी काढता पाय घेऊ लागलं, आणि आम्ही चिखलावर बसलेले उरलो.

अबू नासर ताडकन उठला. "जगन! पानी उतरता है! तू था ना इधर?"

"था," दादा म्हणाला.

"देखा नहीं?"

"देखा."

मग मात्र माझा ताबा सुटला. "देखा? दादा, तुला ओहोटी दिसत होती आणि तू बोलला नाहीस? एका नारळापायी? दर्याला नारळ मिळाला नाही म्हणून आम्हाला देणार होतास की काय?"

"पानी सांजच्याला परत येतंय," दादा पुटपुटला. "कोन मरत नाय."

"तुझ्याशी जन्मात बोलणार नाही मी! त्याने काय मुद्दाम फोडला? तुला तो माणूस पसंत नाही तर सांग ना तोंडावर. दोन महिने मी रोज सकाळी उठून तुझं तोंड बघते, आज काही बोलेल, आज काही बोलेल. आणि तू नारळावर रुसून बसतोस!"

एवढं बोलून मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी राग आला. नीलावहिनींनी पाठीवरून हात फिरवला. शरद काहीतरी बोलायला उठला, तर मी त्याच्यावरही खेकसले, "तू गप्प बस! पोह्यांवर खोबरं नसतं तर काय मेलो असतो आपण?" तो परत खाली बसला. दादाने मान खाली घातली. त्याला वाईट वाटलं होतं, हे मला त्याच्या कानांवरून कळत होतं, लहानपणापासून त्याचे कान आधी लाल होतात. पण सॉरी म्हणायची आमच्या घरी सवयच नाही.

असे आम्ही सहा जण उन्हात, चिखलात, तिरप्या लाँचवर ताडपत्रीखाली बसलो. पाणी होतं, काकड्या होत्या, अबू नासरकडे ईदची मिठाई होती. तो आता रागावणं सोडून हसायला लागला होता. आणि तेवढ्यात दादाची मान वर झाली.

"तारे," तो कुजबुजला. "त्ये बग."

चिखलावर काहीतरी टुणकन उडालं. मग आणखी एक. डोळे डोक्यावर आलेले, परांवर रांगणारे, वीतभर लांब मासे. जिकडे बघावं तिकडे.

"निवटे!" मी ओरडले. दादाशी जन्मात बोलायचं नाही हे मी विसरूनच गेले.

थळच्या खाडीत आय ओहोटीला निवट्यांना जायची. बिळात खांद्यापर्यंत हात घालायचा, दुसऱ्या तोंडाला टाच रोवायची आणि आतल्या आत धरायचा. दादा पाच वर्षांचा असल्यापासून तिच्यामागे. त्याने विजार वर खोचली.

"दादा, नारळ दिला नाही ना?" मी मुद्दाम विचारलं.

दादाने गंभीरपणे विचार केला. "ह्येला गरी लागत नाय, जालं लागत नाय. ह्यो दर्याचा माल नाय, चिखलाचा हाय." आणि त्याने खाली उडी मारली.

"बू शलंबू?" निवट्यांचं अरबी नाव घेत अबू नासर थक्क झाला. "अरे जगन, ये कोई खाता है?"

त्यापुढचा तासभर मी आयुष्यात विसरणार नाही. दादा चिखलात पालथा पडून बिळांत हात घालत होता आणि लहान पोरासारखा आरोळ्या ठोकत होता. दिनकरराव त्याच्यामागे उतरले, चार पावलं गेले, आणि पाचव्या पावलाला ते पुढे गेले पण बूट मागे राहिले. एक बूट मिळाला, दुसरा अजूनही बुबियानच्या चिखलात असेल. मी साडीचा काष्टा मारून उतरले. आणि माझ्यामागून शरद उतरला, हातात बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन.

"तू कनाला उतरतोस?" दादाने विचारलं.

"डबा धरायला."

दादा एकेक निवटा त्याच्याकडे फेकी आणि शरद डब्यात झेली. पण डब्यातले निवटे उड्या मारून बाहेर येत, आणि जन्मात मेल्या माशालाही हात न लावलेला हा माणूस जिवंत निवट्यांमागे मांड्यांपर्यंत चिखलात धावत होता, धडपडत होता. "अरे! अरे, हा गेला! थांब रे बाबा!" असं तो त्यांना शुद्ध पुणेरीत समजावत होता. एक निवटा त्याच्या शर्टात शिरला. तेव्हा तो जे नाचला ते बघून अबू नासरने हसता हसता पोट धरलं आणि दादा चिखलातच बसकण मारून हसला. दोन महिन्यांत तो असा हसला नव्हता. पण मला भुलायचं नव्हतं. चिखलात हसणं वेगळं आणि सोयरीक वेगळी. आयने बसायचं कुठं, हा प्रश्न जिथल्या तिथेच होता.

पाणी परत आलं, लाँच उचलली गेली आणि सूर्य बुडायच्या आत आम्ही शेडपाशी पोचलो. विहिरीच्या मचूळ पाण्याने सगळ्यांनी चिखल धुतला. दादाने स्टोव्हचा ताबा घेतला. निवटे मिठाने चोळून साफ केले, लसूण ठेचली, घरचा मसाला आणि चिंच घालून कालवण रटरटत ठेवलं. "खोबऱ्याशिवाय कसलं कालवण?" असं नीलावहिनी म्हणाल्या आणि दादाकडे बघून लगेच जीभ चावली. शरदसाठी त्यांनी वरण आणि बटाट्याची भाजी केली होती.

चटईवर पंगत बसली. दादाने सगळ्यांना भात वाढला. मग पळी घेऊन तो शरदपुढे वाकला आणि त्याच्या भातावर एक निवटा ठेवला, वर थोडं लालभडक कालवण.

 मी शरदकडे पाहिलं. डोळ्यांनीच सांगितलं, गिळ. औषधासारखा. त्याने निवटा बोटांत धरला, उचलला, आणि परत खाली ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "ताराने मला सांगितलं होतं, एक घास गिळ. मी हो म्हटलं होतं. सरावही केला होता. पण नाही जमणार. आज तुम्हाला फसवायला एक घास खाल्ला, तर पुढे रोज फसवावं लागेल. मी मासे खात नाही. तारा खाते. आमच्या घरात ते शिजतील, तिला आवडतात तसे. साफ करायला शिकवलंत तर ते मी करेन. आज हात लावायला तर शिकलोच आहे."

मला वाटलं, आता इथेच याचा गळा धरावा. सगळं जुळून येत होतं आणि याला आत्ताच सत्य सुचलं!

"आन तुझी आई?" दादाने विचारलं.

"आई चिडेल," शरद म्हणाला. "ती तुमच्या आईंना स्वयंपाकघरात घेईल असं मी सांगत नाही. खोटं कशाला बोलू? पण घर माझं आणि ताराचं असणार. तिथे माझी आई जिथे बसेल, तिच्या शेजारी तुमची आय बसेल. ज्याला ते चालणार नाही त्याने उभं राहावं."

 दादाने हात लांब केला आणि शरदच्या ताटातला निवटा उचलून सरळ आपल्या तोंडात टाकला. काटा काढून बाजूला ठेवला. मग शरदच्या भाताकडे बोट केलं. त्यावर कालवणाचा लाल डाग पसरला होता.

"ताट बदलून देव?"

"कशाला?" शरदने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याने लाल भात बोटांनी बाजूला सारला, उचलून माझ्या ताटात टाकला, "हा तुला," म्हणाला, आणि उरलेल्या भातावर वरण घेऊन त्याच ताटात जेवायला लागला. दिवसभर चिखलात पळाल्याने त्याला सपाटून भूक लागली होती.

दादा त्याला जेवताना बघत राहिला. तीन-चार घास होईपर्यंत बघत राहिला. मी माझ्या ताटातला तो भात तोंडात घातला.

"आयला वांगी भाजाया शिकवाया लागंल," दादा म्हणाला.

"काय?" नीलावहिनींना काही कळेना.

"भरीत, वहिनी. तिला कुठं येतंय? जन्मभर सगल्या अलिबागला भाव सांगत आली म्हातारी, कुनाचं ऐकलं नाय. आता जावयापायी भाजीवालीम्होरं उकिडवी बसून चार वांग्यांसाठी घासाघीस करंल." आणि त्या कल्पनेनेच त्याचे डोळे भरून आले, का हसण्याने भरून आले, कोण जाणे. कान मात्र लालबुंद झाले होते.

"जावई?" दिनकरराव घास हातात धरून म्हणाले. "म्हणजे ठरलं?"

मला जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि कालवण तिखट झालंय म्हणून मी दादावर ओरडले. शरद पाणी आणायला धावला. दादाने तिकडे लक्षच दिलं नाही. तो पळी घेऊन शरदच्या ताटात आणखी वरण वाढत होता.